ललित वाङ्मयातील जमाखर्च

१

मराठी टीकालेखनात ‘दारिद्र्य’ हा शब्द वारंवार आढळतो. ‘जमाखर्च’ हा शब्द क्वचितच आढळतो. एखाद्या कादंबरीत गरिबीचे प्रभावी चित्रण आहे, एवढे म्हटले की त्या कृतीच्या आर्थिक बाजूविषयीचे आपले कर्तव्य संपले, असे टीकाकारास वाटते. ती गरिबी घरात कोणत्या वाटेने शिरली, मिळकत किती होती, देणे कोणाचे आणि कोणत्या दराने होते, घरातील कोणत्या माणसाने कोणत्या वेळी काय विकावयाचे ठरविले व काय विकण्याचे नाकारले, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. वस्तुतः माणसाचा स्वभाव ज्या ठिकाणी उघडा पडतो, त्यांपैकी हे एक प्रमुख ठिकाण होय. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आलो. परंतु तिच्यात वाङ्मयीन परीक्षणाची एक कसोटी दडलेली आहे, इकडे आपले लक्ष गेले नाही.

दारिद्र्य ही एक अवस्था आहे. जमाखर्च ही कृती आहे. अवस्थेचे वर्णन पाहून वाचकास करुणा वाटते. कृतीचे दर्शन घडले म्हणजे त्यास विचार करावा लागतो, बाजू घ्यावी लागते, प्रसंगी आपल्याच घरची चोपडी आठवते. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे इतकेच आहे की, ज्या मराठी कृती दीर्घकाळ टिकल्या त्यांपैकी अनेकींत हा जमाखर्च स्पष्टपणे मांडलेला आहे. मात्र त्यांच्याकडे पाहणाऱ्या टीकेने आणि त्या शिकविणाऱ्या आपण शिक्षकांनी तो वगळून केवळ करुणा तेवढी उचलली आहे.

असे होण्यास काही ऐतिहासिक कारण आहे. लोकहितवादींनी १८४९ मध्ये इंग्रजी ग्रंथाच्या आधारे संपत्तिशास्त्रावर पुस्तक लिहिले व त्यास ‘लक्ष्मीज्ञान’ असे नाव दिले. हे नाव मोठे सूचक आहे. लक्ष्मी ही घरातली देवता. देव्हाऱ्यात तिची पूजा होते आणि घरात येणाऱ्या सुनेसही तिचेच नाव देतात. राष्ट्राची संपत्ती व घरची लक्ष्मी यांत काही नाते आहे, असे त्या नावावरून वाचकास वाटावे. पुढे हा विषय ‘अर्थशास्त्र’ या नावाने महाविद्यालयात गेला, आकडे व कोष्टके यांत स्थिर झाला. ललित वाङ्मयाने आपल्या वाट्यास भावना घेतली. ‘अर्थ’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ अशा रीतीने दोन घरी नांदू लागले. त्यांचे येणेजाणे कमी झाले.

२

हे येणेजाणे पूर्वी किती होते, हे पाहण्यासाठी सुरतेहून आरंभ करणे सोयीचे आहे. मराठी वाचकास सुरत ठाऊक आहे ती लुटीमुळे. १६६४ च्या जानेवारीत आणि १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी या शहरावर केलेल्या स्वाऱ्या सभासदाच्या बखरीपासून ऐतिहासिक कादंबरीपर्यंत सर्वत्र रंगविल्या गेल्या. शायिस्तेखानाची फौज तीन वर्षे पुणे प्रांत तुडवीत होती, मुलूख उजाड झाला होता, फौजेचा खर्च भागवावयाचा होता. म्हणजे पहिल्या स्वारीच्या मुळाशीही एक जमाखर्च होता. तथापि आपल्या लेखकांस पराक्रम दिसला तितका हा हिशेब दिसला नाही.

परंतु सुरतेचा आणि मराठी वाङ्मयाचा एक संबंध याहून तीस-पस्तीस वर्षे जुना आहे आणि तो अधिक मोलाचा आहे. १६३० साली पावसाने दगा दिला व गुजरात आणि दख्खन यांवर एकाच वेळी भीषण दुष्काळ कोसळला. गुजरातेत संवत १६८७ वरून त्यास ‘सत्याशियो’ म्हणतात. सुरतेस त्या वेळी इंग्रज व डच यांच्या वखारी होत्या. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३० च्या नोव्हेंबरात सुरतेहून आग्र्यास निघाला. वाटेत दिसलेली उपासमार आणि मृत्यू त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदविले. वखारींच्या पत्रांतूनही धान्याची महागाई, विणकरांची वाताहत आणि त्यामुळे कापडाचा पडलेला तुटवडा यांच्या नोंदी सापडतात. व्यापाऱ्याची नजर ती. मेलेल्या विणकराबरोबर न विणले गेलेले कापडही तिला दिसते.

त्याच दुष्काळात इंद्रायणीकाठी देहूस एका वाण्याचे दुकान बसले. तुकोबांनी आपल्या आत्मपर अभंगात त्या काळाविषयी जे सांगितले आहे, त्यातील क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम पैसा गेला, त्यामागोमाग लोकांतला मान गेला, मग पहिली पत्नी अन्नावाचून गेली. त्यानंतर लाज येते आणि मग धंद्यात आलेल्या ‘तुटी’चा उल्लेख येतो. ‘तुटी’ हा शब्द सरळ दुकानाच्या चोपडीतला आहे. पैशाच्या पाठोपाठ मान जातो, हे कोणत्याही अलंकाराशिवाय एका व्यापाऱ्याने नोंदविले आहे. पुढे सावकारीची खते इंद्रायणीत बुडविली, भावाचा वाटा मात्र त्याच्याकडे ठेवला, असे परंपरा सांगते. या कथेतही विरक्तीइतकाच हिशेब आहे: आपला वाटा कोणता आणि दुसऱ्याचा कोणता, हे ठरविल्यानंतरच आपला वाटा सोडता येतो. दुसऱ्याचे येणे बुडविणारा विरक्त ठरत नाही.

आपण शाळेत तुकोबांचे वैराग्य शिकवितो. ते ज्या तुटीतून पार पडले ती शिकवीत नाही. परिणामी विद्यार्थ्यास असे वाटते की, संतास पैशाचे काही कळत नसावे. खरे पाहता ज्याला पैशाचे पुरते कळत होते असा मनुष्य त्याविषयी काय म्हणतो, हे ऐकणे त्या अभंगांतील एक मोठा लाभ आहे.

३

आता शाळेत सर्वाधिक वाचल्या गेलेल्या एका पुस्तकाकडे वळू. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. बेचाळीस रात्रींच्या या कथनात मातृप्रेमाचा महिमा आहे, हे कोणीही सांगेल. परंतु त्याच्या उत्तरार्धाची सारी रचना एका कर्जाभोवती झालेली आहे. एका रात्रीच्या कथेच्या नावातच कर्जास नरक म्हटलेले आहे. सावकाराचा माणूस वसुलीस दारात येतो, अब्रू चव्हाट्यावर येते, घरावर जप्तीची छाया पडते, आणि आई खचत जाते. तिचा शेवटचा आजार या कर्जापासून वेगळा काढता येणार नाही.

येथे परीक्षकाने एक प्रश्न विचारावयास हवा: जमिनीचा एखादा तुकडा वेळीच का विकला नाही? पुस्तकात हा प्रश्न खुद्द आलेला आहे. थोडी जमीन विकून कर्जातून मोकळे व्हावे, असा सल्ला घरात दिला जातो. आईस तो पटतो. वडिलांस वाडवडिलांची जमीन विकणे म्हणजे मान विकणे वाटते. व्याज मात्र कोणाच्या मानासाठी थांबत नाही. दरमहा शेकडा तीन दराचे व्याज ऐकावयास लहान वाटते. वर्षाचे ते छत्तीस होतात, आणि व्याजावर व्याज धरले तर बेचाळीसच्या वर जातात. व्याजाची रक्कम मुदलापेक्षा अधिक होऊ नये, असा ‘दामदुपटी’चा जुना दंडक आपल्याकडे होता, १८७५ मध्ये पुणे-अहमदनगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली, त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी विशेष कायदा झाला. एवढे होऊनही विसाव्या शतकाच्या आरंभी कोकणातील एक खातेदार घराणे कर्जात बुडते, याचे कारण केवळ सावकाराचा दुष्टपणा हे नव्हे. घराची प्रतिष्ठा आणि घराची मिळकत यांचा मेळ तुटला होता आणि तो तुटल्याचे घरातल्या बाईस दिसत होते, पुरुषास दिसत नव्हते. साने गुरुजींनी वडिलांस खलपुरुष केले नाही. त्यांची माया व त्यांचा अभिमान ही दोन्ही दाखविली. त्यामुळे ही शोकान्तिका खरी उतरली.

हे पुस्तक शिकविताना आपण मुलांच्या डोळ्यांत पाणी आणतो आणि तेथेच थांबतो. आईची थोरवी तिच्या सोसण्यात होती असे सांगून आपण तिच्या शहाणपणावर अन्याय करतो. घरात हिशेब समजणारी ती होती, आणि निर्णय घेण्याचा अधिकार मात्र तिच्याकडे नव्हता. या दृष्टीने वाचल्यास पुस्तकाची उंची वाढते असे मला वाटते.

याच दृष्टीने लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत. हातात पैसा आला की तो दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळे होणाऱ्या कवीशी त्यांचा संसार झाला. रेव्हरंड टिळकांचे औदार्य आणि लक्ष्मीबाईंचा संसार यांमधील ओढाताण त्यांनी हसत सांगितली आहे. औदार्याचे श्रेय देणाऱ्यास मिळते. त्याची किंमत स्वयंपाकघरात भरावी लागते. लक्ष्मीबाईंनी ही किंमत कुरकुर न करता आणि लपविताही न करता लिहून ठेवली. त्यांच्या विनोदाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. त्या विनोदास धार कोठून आली, हे पाहू जाता आपण पुन्हा जमाखर्चापाशी येतो.

४

कादंबरी व नाटक यांकडे पाहिले असता चित्र संमिश्र दिसते. मामा वरेरकरांनी ‘धावता धोटा’मध्ये गिरणी कामगाराचे जग मराठी कादंबरीत आणले. त्या काळी हे धाडस होते व त्याचे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे. परंतु नाटककाराचा पिंड असल्याने त्यांचे लक्ष संघर्षाकडे अधिक आहे. संघर्ष वर्षातून एखादे वेळी होतो. पगाराचा दिवस दरमहा येतो आणि त्यानंतरचे वाण्याचे देणे रोज उभे असते. नारायण सुर्व्यांनी ‘माझे विद्यापीठ’मध्ये (१९६६) हे रोजचे जग कवितेत आणले आणि कामगार हा केवळ घोषणेचा विषय नाही हे दाखवून दिले. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात १९८२ च्या गिरणी संपानंतरचे गिरणगावातील घर आहे. तेथे संप रंगमंचावर नाही. संपाने उणे केलेला पगार मात्र प्रत्येक पात्राच्या बोलण्यात आहे. मिळकत आटली म्हणजे भावाभावांतील भाषा कशी बदलते, हे या नाटकाने जितके दाखविले तितके क्वचितच कोणी दाखविले असेल.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ची (१९६३) चर्चा तिच्या भाषेसाठी आणि तिच्यातील पराभूततेच्या जाणिवेसाठी झाली. पण पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातील शेतकऱ्याचा मुलगा आहे आणि पुण्याच्या वसतिगृहातील त्याचे आयुष्य वडिलांच्या पैशावर चाललेले आहे, हा त्या कादंबरीचा कणा आहे. बाप आणि मुलगा यांमधील तेढ पैशाच्या रूपाने व्यक्त होते; त्या घरात प्रेम आणि राग यांस दुसरी भाषा फारशी उपलब्ध नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’चे (१९७८) तर नावच गावगाड्यातील एका आर्थिक व्यवस्थेचे आहे. काम करणाऱ्यास मजुरी न देता धान्याचा वाटा द्यावयाचा आणि तो वाटा त्याचा हक्क म्हणून मोजावयाचा की भीक म्हणून टाकावयाचा, हे देणाऱ्याच्या मर्जीवर ठेवावयाचे, अशी ती व्यवस्था. एका शब्दात सबंध समाजाचा जमाखर्च मांडणारे असे शीर्षक मराठीत दुर्मिळ आहे.

येथे एक आक्षेप येण्याचा संभव आहे. हिशेब आणला म्हणजे वाङ्मय रुक्ष होईल, आकड्यांनी रसभंग होईल, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर म्हणून प्रेमचंदांच्या ‘गोदान’चा (१९३६) शेवट आठवावा. जन्मभर एका गाईची इच्छा धरलेला होरी मरणास टेकला असता गोदान करावयास सांगितले जाते. घरात गाय नाही, वासरू नाही, पैसा नाही. सुतळी विकून आलेले वीस आणे धनिया त्याच्या हातावर ठेवते व तेच गोदान होते. ‘थोडेसे पैसे’ असे लिहिले असते तर हा प्रसंग केवळ करुण झाला असता. वीस आणे या नेमक्या रकमेमुळे सबंध कादंबरीतील कर्ज, व्याज, दंड व मजुरी यांची बेरीज वाचकापुढे उभी राहते. डिकन्सने मिकॉबरच्या तोंडी मिळकत व खर्च यांचा जो सिद्धान्त घातला, तो आजही लोक उद्धृत करतात. डिकन्सच्या वडिलांस १८२४ मध्ये कर्जापायी तुरुंगात जावे लागले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या विनोदाचा उगम समजतो. तेव्हा आकडा रसास मारक असतो हे खरे नाही. निष्काळजीपणे टाकलेला आकडा मारक असतो, जसे निष्काळजीपणे टाकलेले विशेषणही असते.

५

लेखकाने स्वतःच्या जमाखर्चाविषयी बोलावे की नाही, हाही याच विषयाचा एक भाग आहे. ज्याचे नाव आज येथील विद्यापीठास आहे, तो सुरतेचा कवी नर्मद याने १८५८ च्या नोव्हेंबरात शिक्षकाची नोकरी सोडली आणि लेखणीवरच जगावयाची प्रतिज्ञा केली. १८६६ मध्ये त्याने ‘मारी हकीकत’ हे आत्मचरित्र लिहिले. आपली मिळकत, पुस्तकांचा खर्च आणि कर्ज यांविषयी त्यात तो आडपडदा ठेवीत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव गगनास भिडून मुंबईत सट्ट्याचा ज्वर चढला होता आणि १८६५ मध्ये तो उतरताच पेढ्या कोसळल्या होत्या. त्या पार्श्वभूमीवर हे लेखन झाले. अखेर १८८२ मध्ये त्यास प्रतिज्ञा मोडून नोकरी पत्करावी लागली. ही त्याच्या जीवनातील मोठी व्यथा होय. गुजराती समाज व्यापारी, म्हणून त्यांचा कवीही हिशेबी, असे म्हणून हा मुद्दा टाळता येणार नाही. कापसाचा तो भाव खानदेशातील शेतकऱ्यापर्यंतही पोहोचला होता आणि भाव उतरल्यावर कर्ज मात्र त्याच्याकडेच राहिले होते. नर्मदाने आपले लिहून ठेवले. त्या शेतकऱ्याचे कोणी लिहिले नाही.

आज त्याच खानदेशातील माणूस सुरतेस आहे. ताप्तीच्या खोऱ्यातून जळगाव, अमळनेर, नंदुरबार मार्गे येणाऱ्या रेल्वेने कित्येक पिढ्या येथे आणून सोडल्या. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत मराठी व अहिराणी बोलणारी वस्ती मोठी आहे. पुरुष यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करतात आणि मजुरी विणलेल्या मीटरवर मिळते. बायका साडीला लेस लावण्याचे व खडे चिकटविण्याचे काम नगावर घरी आणतात. येथील कापड मुख्यतः कृत्रिम धाग्याचे. तो धागा खनिज तेलापासून होतो. म्हणून दूरच्या आखातात तेलाचा भाव हलला की सुताचा भाव हलतो, व्यापारी माल उचलण्यास कचरतो, मागाची एक पाळी बंद होते, मीटर कमी भरतात आणि लिंबायतेतील एका खोलीत वाण्याची उधारी वाढते. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा रोख मजुरीचा हा सारा व्यवहार अडला. जुलै २०१७ मध्ये नव्या वस्तू व सेवा कराच्या विरोधात येथील कापडबाजार कित्येक दिवस बंद राहिला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि माग थांबले. या तीन घटनांवर अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. त्या तीन वेळी एका घरात काय गहाण पडले आणि ते कोणाच्या अंगावरचे होते, हे सांगणे हा ललित लेखकाचा प्रांत आहे, आणि तो जवळपास मोकळा पडलेला आहे.

या वस्तीतील भिशी घ्या. दहा जणी दरमहा हजार रुपये काढतात आणि दर महिन्यास एकीला दहा हजार मिळतात. जिची चिठ्ठी पहिल्या महिन्यात निघाली तिला नऊ हजारांचे बिनव्याजी कर्ज मिळाल्यासारखे होते. जिची शेवटी निघते तिने नऊ महिने इतरांस ते दिलेले असते. कोठे चिठ्ठीऐवजी बोली लावतात. अडलेली बाई साडेआठ हजारांवर समाधान मानते आणि उरलेले दीड हजार दहा जणींत दीडदीडशे वाटले जातात. म्हणजे तिच्या गरजेची किंमत तिच्या शेजारणींसमोर बोलली जाते आणि त्यातील वाटा त्या शेजारणी घेतात, तीही घेते. यात कोणी दुष्ट नाही, कागद नाही, जामीन नाही. आहे ती केवळ पत. मराठीत ‘पत’ म्हणजे उधार मिळण्याची लायकी आणि ‘पत’ म्हणजे अब्रू. दोहोंस एकच शब्द आहे. एका बाईचा हप्ता चुकला तर तिची कोणती पत जाते? ज्या भाषेने हा प्रश्न एका शब्दात घालून ठेवला, त्या भाषेतील कथाकाराने याहून अधिक कथानक कोठे शोधावे?

६

हा विषय केवळ वाङ्मयीन अभिरुचीचा आहे असे समजून कोणी पुढे जाऊ नये. सुरत महानगरपालिकेच्या शाळांत गुजरातीबरोबर मराठी माध्यमाचीही सोय आहे. माझे उभे आयुष्य मराठी शाळेत गेले, आणि प्रवेशाच्या दिवसांत पालक जे बोलतात ते मी ऐकत आलो आहे. मराठी शाळेत फी नाही. गुजरातीने येथे नोकरी मिळणे सुलभ होते. इंग्रजी शाळेची फी जड आहे. पण भिशी लवकर मिळाली तर पहिल्या वर्षाची भरता येईल. असा तो विचार असतो. या पालकांस मातृभाषेचे प्रेम नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते घरी अहिराणी बोलतात, मराठी कीर्तनास जातात. परंतु मुलाचे माध्यम ठरविताना ते जमाखर्च मांडतात आणि त्यात मराठीच्या बाजूस काय लिहावे हे त्यांस सुचत नाही.

आपण त्यांस भाषेची थोरवी सांगतो. ती खरी आहे. पण ज्या भाषेच्या पाठ्यपुस्तकात व कथाकादंबऱ्यांत त्यांच्या घरचा व्यवहार कोठेच दिसत नाही, तिची थोरवी त्यांनी कशावरून मानावी? बहिणाबाई चौधरींच्या कविता १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आल्या, तेव्हा खानदेशची बोली आणि शेतातील कष्ट एकदम मराठी कवितेच्या मध्यभागी आले. बोली उणी नव्हती, अनुभवही उणा नव्हता. कोणी तरी तो कागदावर उतरवून घेण्याची आवश्यकता होती. मागावरच्या खानदेशी माणसाविषयी तसे अद्याप घडावयाचे आहे.

ते घडेपर्यंत शिक्षकाने स्वस्थ बसण्याचे कारण नाही. जे वाङ्मय आपल्या हाती आहे ते पुरेसे आहे. केवळ प्रश्न बदलावयास हवेत. ‘श्यामची आई’ शिकविताना आईचे गुण लिहा, या प्रश्नाबरोबर जमीन विकावी असे आईस का वाटले, तेही विचारावे. तुकोबांचा अभंग शिकविताना ‘तुटी’ या शब्दाचा अर्थ मुलांस घरी आजोबांकडून विचारून आणावयास सांगावे. नववी-दहावीच्या वर्गात भिशीचा हिशेब गणिताच्या तासास मांडावा आणि त्याच भिशीवर मराठीच्या तासास निबंध लिहवून घ्यावा. जी मुले एरवी निबंधात ऋतूंची वर्णने पाठ करून लिहितात, त्यांच्याजवळ या विषयावर स्वतःचे असे पुष्कळ सांगण्यासारखे असते, आणि ते त्यांस मराठीतच सांगता येते.

टीकाकारांकडूनही एवढीच अपेक्षा आहे. नव्या कथासंग्रहाचे परीक्षण करताना पात्रांच्या मनोव्यापाराची चर्चा अवश्य करावी. त्याबरोबर ही माणसे पोट कशावर भरतात, त्यांचे देणे कोणास आहे आणि ते फेडण्यासाठी ती काय सोडावयास तयार आहेत, हे लेखकास ठाऊक आहे की नाही, तेही तपासावे. लेखकास ते ठाऊक नसेल तर त्याच्या पात्रांचे दुःख कितीही उत्कट असो, त्यावर वाचकाचा विश्वास फार काळ टिकणार नाही.